युद्धपट पाहायला सुरुवात कशी करायची: बेळगाव सीमाभागातल्या नव्या प्रेक्षकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही बाजूला पहाटे बाहेर पडा. रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं दिसतील. भरतीची तयारी चाललेली असते. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे, आणि गावोगावी कुणाचे तरी काका, मामा, आजोबा फौजेतून पेन्शनीवर आलेले असतात. इथल्या माणसाला फौज म्हणजे घरचीच गोष्ट.

तरीही आपल्याकडे युद्धपट पाहिला जातो तो बहुतेक वेळा २६ जानेवारीला टीव्हीवर लागतो म्हणून, किंवा थिएटरात एखाद्या डायलॉगवर शिट्ट्या मारायला. हा प्रकार पाहण्यासारखा आहे का, कुठून सुरुवात करावी, असं अलीकडे बरीच तरुण मुलं विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. युद्धपटात सगळ्यात मोलाचं असतं ते दोन गोळीबारांच्या मधलं. हा माणूस इथवर कसा आला, त्याला कशाची भीती वाटते, त्याच्यामागे घरी कोण आहे, हे ज्या पिक्चरला दाखवता आलं तो पन्नास वर्षांनीही टिकतो. बाकीचे पुढच्या २६ जानेवारीपर्यंत.

पहिली पायरी: एकच युद्ध निवडा आणि नकाशा उघडा

सुरुवातीलाच दहा देशांचे दहा पिक्चर लावून बसू नका. एक युद्ध घ्या. आपल्याला १९७१ किंवा १९९९ चं कारगिल सोपं पडतं, कारण घरातल्या मोठ्या माणसांना ते आठवतं आणि विचारता येतं. पिक्चर लावण्याआधी पंधरा मिनिटं फोनवर नकाशा बघा. जागा कुठली, हंगाम कुठला, कोण कुठून येतंय, एवढंच.

याने काय फरक पडतो ते 'बॉर्डर'वरून (१९९७) सांगतो. लोंगेवाला ही राजस्थानात जैसलमेरच्या वाळवंटातली सरहद्दीवरची चौकी. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री तिथे '२३ पंजाब' या पलटणीची एक कंपनी होती, साधारण १२० जवान. समोरून पाकिस्तानचे चाळीसहून जास्त रणगाडे आले. जैसलमेरच्या तळावर हवाई दलाची हंटर विमानं उभी होती, पण त्यांना रात्री उडून मारा करण्याची सोय नव्हती. म्हणजे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या जवानांना एकच काम होतं: उजाडेपर्यंत तग धरायचा. एवढं ठाऊक असलं की पिक्चरच्या उत्तरार्धातला अंधार वेगळा दिसायला लागतो. प्रत्येक मिनिटाला आपणच पूर्वेकडे बघायला लागतो.

कारगिलचंही तेच. 'शेरशाह'मध्ये (२०२१) पॉइंट ५१४० हे नाव सारखं कानावर पडतं. तो आकडा म्हणजे त्या शिखराची मीटरमधली उंची. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. त्याच्या जवळजवळ सातपट उंचीवर, रात्री, पाठीवर ओझं घेऊन, वरून मशीनगन चालू असताना चढायचं. यळ्ळूरचा राजहंसगड चढताना ज्याला धाप लागते त्याने हा हिशोब मनात ठेवून कॅप्टन विक्रम बत्रांची चढाई बघावी.

दुसरी पायरी: सुरुवातीचे पिक्चर

माझ्या मते पहिला 'हकीकत'. चेतन आनंदांनी १९६४ मध्ये काढलेला, १९६२ च्या चीन युद्धावरचा, बलराज साहनी आणि धर्मेंद्र यांचा कृष्णधवल पिक्चर. युद्ध होऊन दोनच वर्षं झाली होती, जखम ओली होती, आणि चित्रीकरणाचा मोठा भाग प्रत्यक्ष लडाखमध्ये झाला. ही माघारीची गोष्ट आहे. जिंकल्याचा जल्लोष यात नाही. थंडीने आखडलेली बोटं, संपत आलेली काडतुसं आणि मागे फिरण्याचा हुकूम आहे. नव्या प्रेक्षकाला पहिला अर्धा तास संथ वाटेल. तेवढा धीर धरा.

त्यातलं मदनमोहन यांचं एक गाणं मुद्दाम नीट बघा, 'होके मजबूर'. बर्फात अडकलेले जवान आपापल्या घरच्या माणसाची आठवण काढतात. रफी, तलत, मन्ना डे आणि भूपेंद्र असे चार आवाज, प्रत्येकाची आठवण वेगळी, आणि भूपेंद्र तर स्वतः पडद्यावरही दिसतात. लढाईचं एकही दृश्य नाही, तरी ही माणसं कोण आहेत ते त्या काही मिनिटांत कळतं. पुढे त्यांच्यातला एकेक पडतो तेव्हा आपण एका ओळखीच्या माणसाला गमावतो. 'बॉर्डर'मधल्या पत्रांच्या गाण्याचं कामही तेच. ही गाणी पुढे ढकलू नका. हिंदी युद्धपटाचा जीव तिथेच असतो.

दुसरा 'बॉर्डर', वरचा नकाशा मनात ठेवून. तिसरा 'लक्ष्य' (२००४). भरतीच्या तयारीत असलेल्या किंवा पुढे काय करायचं ते ठरत नसलेल्या मुलांना हा जास्त भिडतो, कारण त्यातला अर्धा वेळ एका ध्येय नसलेल्या मुलाच्या घरात आणि डेहराडूनच्या अकादमीत जातो. शेवटची कड्यावरची चढाई चांगली आहेच, पण अकादमीतून पळून आल्यावर वडिलांसमोर उभं राहण्याचा प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो.

हवाई दलाची ओढ असेल तर गोविंद निहलानींचा 'विजेता' (१९८२) बघा. आणि कन्नड समजत असेल, आपल्यापैकी बहुतेकांना समजतंच, तर राजेंद्रसिंग बाबू यांचा 'मुत्तिन हारा' (१९९०) चुकवू नका. विष्णुवर्धन आणि सुहासिनी यांचा हा पिक्चर म्हणजे एका कोडगू फौजीच्या संसाराची गोष्ट. सरहद्दीवर काय चाललंय आणि घरात काय चाललंय, हे दोन्ही तो सारख्याच जिव्हाळ्याने दाखवतो. भाषेच्या वादात आपण शेजारच्या भाषेतली चांगली वस्तू सोडून देऊ नये.

तिसरी पायरी: पडद्यावरची जमीन ओळखा

एवढी एक सवय लावून घ्या, बाकीचं आपोआप जमतं. लढाईचं दृश्य सुरू झालं की मनात तीन प्रश्न विचारा. आपली माणसं कुठे आहेत? समोरचा कुठून मारतोय? मागे जायची वाट कुठली? चांगला दिग्दर्शक याची उत्तरं न बोलता देतो. कच्चा दिग्दर्शक नुसता धूर आणि स्फोट दाखवतो, आणि पाच मिनिटांत कोण कुठे आहे तेच कळेनासं होतं. असा गोंधळ दिसला की समजा, आपल्याला फक्त आवाज विकला जातोय.

'१९१७' (२०१९) या प्रश्नांसाठी उत्तम आहे. पहिल्या महायुद्धात दोन ब्रिटिश शिपायांना एक निरोप पोहोचवायचा आहे. तो वेळेत पोहोचला नाही तर सोळाशे माणसं सापळ्यात सापडणार. कॅमेरा जवळजवळ अखंड त्यांच्याबरोबर चालतो, तोड दिसत नाही. त्यामुळे खंदक किती अरुंद, मोकळं रान किती लांब, पुढच्या वळणावर काय असेल हे आपल्याला अंगाने कळतं. त्यात एका ट्रकमध्ये एक शीख शिपाईही भेटतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज लढली होती याची तेवढीच आठवण, पण ती आहे.

'डंकर्क'ची (२०१७) रचना नव्या माणसाला अवघड जाते, म्हणून आधीच सांगतो. यात तीन गोष्टी एकमेकींत गुंफल्या आहेत आणि तिन्हींचा काळ वेगळा आहे: किनाऱ्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि आकाशातला एक तास. म्हणून तेच जहाज दोनदा बुडताना दिसतं. हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. १९४० मध्ये जर्मन फौजेने घेरलेल्या फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावरून तीन लाखांहून जास्त सैनिक सुटले आणि त्यांच्यात हिंदुस्थानी खेचर तुकड्यांची माणसंही होती. ती मात्र पिक्चरमध्ये दिसत नाहीत. पिक्चर चांगला असला तरी ही उणीव मला खटकते.

जमीन ओळखायचा सराव आपल्याला घराजवळही करता येतो. 'पावनखिंड' (२०२२) बघा आणि मग पन्हाळ्याला जा. बेळगावहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत कोल्हापूर ओलांडून गडावर पोहोचता येतं. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निघाले ते भर पावसात, रात्री, विशाळगडाकडे. दरवर्षी जुलैमध्ये या वाटेवर पदभ्रमण मोहिमा निघतात. एकदा त्या चिखलातून, जळवा झटकत चाललात की बांदल सेनेने त्या रात्री पालखी घेऊन काय केलं असेल त्याचा अंदाज येतो. मग पिक्चरमधली तलवारबाजी कमी आणि ते पळणं जास्त लक्षात राहतं. आपल्याकडच्या शिवकालीन पिक्चरांत ललकाऱ्यांना फार वेळ दिला जातो. चालण्याला, दमण्याला, भुकेला द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

चौथी पायरी: कानांनी पाहा

मोबाइलच्या स्पीकरवर युद्धपट पाहू नका. साधा वायरवाला हेडफोन चालेल, पण लावा. टीव्हीवर बघत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय (मोशन स्मूदिंग) बंद करा, नाहीतर भारीतला भारी पिक्चर मालिकेसारखा दिसतो. खोलीतला दिवाही मालवा. युद्धपटांत रात्रीची दृश्यं फार असतात.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'ची (१९९८) सुरुवात आवाजासाठी ऐका. ६ जून १९४४, नॉर्मंडीचा ओमाहा किनारा. कॅप्टनजवळ गोळा फुटतो आणि त्याचा कान बधिर होतो. आपल्यालाही सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं ऐकू येतं. माणसं ओरडतायत, तोंडं हलतायत, शब्द नाहीत. मग एकदम आवाज परत येतो. त्या काही सेकंदांत स्पीलबर्गने आपल्याला प्रेक्षकाच्या खुर्चीतून उचलून वाळूत टाकलेलं असतं.

याच्या उलट टोकाला 'दास बूट' (१९८१). जर्मन पाणबुडीतला पिक्चर. वर शत्रूचं जहाज फिरतंय, खाली चाळीस-पन्नास माणसं श्वास रोखून उभी आहेत. लोखंडाचं कुरकुरणं, पाण्याचा थेंब, आणि वरून जवळ येणारा जहाजाच्या पंख्याचा आवाज. शत्रू दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. याची लांब आवृत्ती साडेतीन तासांच्या आसपास आहे. दोन रात्रींत बघितली तरी चालेल.

पाचवी पायरी: गोळीबाराच्या मधलं बघायला शिका

यासाठी एकच पिक्चर निवडायचा झाला तर मी 'बॅलड ऑफ अ सोल्जर' निवडेन. ग्रिगोरी चुखराय यांचा १९५९ चा रशियन पिक्चर, लांबी दीड तासाच्या आसपास. मॉसफिल्म या तिथल्या स्टुडिओने आपले बरेच जुने पिक्चर यूट्यूबवर स्वतःच्या चॅनेलवर ठेवले आहेत, तिथे शोधा. सबटायटल्स इंग्रजीत आहेत, पण संवाद थोडे आणि सोपे आहेत. अडलं तर थांबवून वाचा.

गोष्ट एवढीच. अल्योशा नावाचा एकोणीस वर्षांचा शिपाई घाबरून पळता पळता शत्रूचे दोन रणगाडे निकामी करतो. जनरल त्याला पदक द्यायला निघतो. पोरगं म्हणतं, पदकाऐवजी घरी जाऊ द्याल का? आईचं पत्र आलंय, छप्पर गळतंय. त्याला सहा दिवस मिळतात: दोन जायला, दोन यायला, दोन छप्पर नीट करायला.

जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायला लागू नये. पावसाच्या तोंडावर कौलं चाळायला घरात माणूस नसणं म्हणजे काय, हे त्या पट्ट्यातल्या प्रत्येक फौजीच्या आईला ठाऊक असतं. मे महिन्यात गोवा एक्स्प्रेसमधून काळी ट्रंक घेऊन बेळगाव स्टेशनवर उतरणारा जवान बघा. त्याच्या सुट्टीतले निम्मे दिवस अशाच कामांत जातात.

अल्योशाचे सहा दिवस वाटेतच संपत जातात. एक पाय गमावलेला शिपाई बायकोला तोंड दाखवायला कचरतोय, त्याला धीर द्यायचा असतो. मालगाडीत एक मुलगी भेटते. आणि तो साबण. वाटेत भेटलेल्या तुकडीतला एक शिपाई आपल्या बायकोसाठी काहीतरी द्यावं म्हणतो, आणि पलटणीचा होता नव्हता तो सगळा साबण, दोन वड्या, अल्योशाच्या हातात दिल्या जातात. आघाडीवरच्या माणसांनी स्वतः साबणाशिवाय राहायचं ठरवलंय. अल्योशा त्या पत्त्यावर पोचतो तेव्हा ती बाई दुसऱ्याबरोबर राहत असते. तो साबण ठेवून बाहेर पडतो, जिना उतरतो आणि परत वर जाऊन साबण काढून घेतो. मग तो शिपायाच्या म्हाताऱ्या वडिलांना नेऊन देतो. साबणाच्या दोन वड्यांवर दिग्दर्शकाने युद्धाचं सगळं दुःख, राग आणि माया उभी केली आहे. मोठमोठ्या स्फोटांना जे जमत नाही ते इथे जमतं.

शेवटी आईजवळ किती वेळ मिळतो ते मी सांगणार नाही. मात्र हा मुलगा परत येणार नाही, हे पिक्चर सुरुवातीलाच सांगून टाकतो. तरीही शेवटपर्यंत आपण घड्याळ बघत राहतो. मुद्दा 'पुढे काय होणार' हा नाहीच, हे त्यातून शिकायला मिळतं.

हा आवडला तर त्याच काळातला 'द क्रेन्स आर फ्लाइंग' (१९५७) बघा. तो मागे राहिलेल्या मुलीच्या बाजूने सांगितलेला आहे. १९५८ मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं.

सहावी पायरी: एकदा समोरच्या बाजूला उभं राहा

आपल्या पिक्चरांत समोरचा माणूस बहुतेक वेळा दात-ओठ खाणारा असतो. काही दिवसांनी याचा कंटाळा यायला हवा. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'ची २०२२ ची जर्मन आवृत्ती नेटफ्लिक्सवर आहे. तिची सुरुवात जगातल्या उत्तम सुरुवातींपैकी एक मानतो. एक शिपाई मरतो. त्याच्या अंगावरचा गणवेश काढला जातो, इतर शेकडो गणवेशांबरोबर धुतला जातो, शिलाई मशीनवर भोकं शिवली जातात. मग तोच गणवेश उत्साहाने भरती झालेल्या पॉलला मिळतो. कॉलरला दुसऱ्याच नावाची पट्टी शिवलेली असते. तो ती दाखवतो, तर कारकून पट्टी फाडून टाकतो आणि म्हणतो, त्याला बसत नसेल. पॉल हसतो. आपल्याला हसता येत नाही.

याच गोष्टीवरचा १९३० चा अमेरिकन पिक्चरही पुढे कधीतरी बघा. बोलपट नुकते आले होते त्या काळात खंदकातली धडकी पडद्यावर कशी आणली, हे बघून थक्क व्हायला होतं.

'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' (२००६) हा दुसरा. क्लिंट ईस्टवुड या अमेरिकन दिग्दर्शकाने, आपल्याच देशाच्या शत्रूच्या बाजूने, जवळजवळ पूर्ण जपानी भाषेत काढलेला. त्यातला एक शिपाई मूळचा बेकरीवाला आहे, घरी बायको आहे आणि मुलगी झाली आहे, ती त्याने पाहिलेली नाही. एवढं कळलं की तो कुठल्या देशाचा आहे हे विसरायला होतं. असा पिक्चर आपल्याकडे अजून व्हायचा आहे.

सातवी पायरी: खरं काय, ते बघून झाल्यावर तपासा

आधी नाही, नंतर. आधी तपासायला बसलात तर पिक्चरचा रस जातो.

'बॉर्डर'चंच घ्या. पिक्चरमध्ये सुनील शेट्टींनी केलेले भैरोसिंग रणगाड्याशी झुंजताना शहीद होतात. खरे भैरोसिंग राठोड, सीमा सुरक्षा दलाचे, त्या लढाईतून जिवंत परतले, सेना पदक मिळालं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. अक्षय खन्नांनी केलेला धरमवीरही पिक्चरमध्ये मरतो. खरे धरमवीर जिवंत राहिले. त्या रात्री आपल्या बाजूची प्राणहानी पिक्चरमध्ये दाखवली त्या मानाने फारच थोडी होती. एवढ्या कमी माणसांत, एवढं कमी नुकसान सोसून चौकी राखली, हेच खरं तर लोंगेवालाचं मोठेपण. पडद्यावर जास्त माणसं मारल्याने ते वाढत नाही. मला 'बॉर्डर' आवडतो, तरीही ही गोष्ट मला पटत नाही. जिवंत माणसाला स्वतःचं मरण पडद्यावर बघायला लावू नये.

चित्रीकरण कुठे झालं याला मी फार महत्त्व देत नाही. 'उरी'चा (२०१९) मोठा भाग सर्बियात चित्रित झाला, त्याने काही बिघडलं नाही. माणसांच्या बाबतीत मात्र काटेकोर राहावं.

तपासायची आणखी एक चांगली वाट म्हणजे घरातला किंवा गल्लीतला माजी सैनिक. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार पिक्चर बघताना रणगाड्यांबद्दल कधीच बोलत नाहीत. ते म्हणतात, "ह्याचं बोट बघ, गरज नसताना बंदुकीच्या घोड्यावर ठेवलंय," किंवा "सकाळपासून लढूलाल्यात, एकानं पाण्याची बाटली उघडली नाही." त्यांच्याबरोबर बसून मी बाटली आणि बूट बघायला शिकलो. आता ज्या पिक्चरात शिपाई पाणी पितो, मोजे वाळत घालतो, त्याच्यावर माझा लगेच विश्वास बसतो.

त्यांना मात्र प्रश्न बेताने विचारा. "किती मारले?" हा प्रश्न कुणालाही विचारू नये. "तिकडे जेवण काय असायचं?" असं विचारा, बाकीचं त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतात.

आठवी पायरी: ज्यांच्यावर पिक्चर नाही त्यांना शोधा

एवढं बघून झालं की एक गोष्ट जाणवते. आपल्या मुलखातल्या आणि आपल्या पलटणीच्या किती गोष्टी पडद्यावर आल्याच नाहीत!

मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन शिपायांना दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. नाईक यशवंत घाडगे: १० जुलै १९४४, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच त्या मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले, तो घेतला, आणि नंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. इटलीत मोंटोने गावी २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सौरघड्याळाचं स्मारक झालं. शिपाई नामदेव जाधव: ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून अलीकडे आणलं, परत जाऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. हाताला जखम झाल्याने बंदूक चालवता येईना तेव्हा हातगोळे वापरले. मग बांधावर चढून पलटणीची ललकारी देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. इटलीतल्या नदीच्या बांधावर शिवाजी महाराजांचा जयजयकार. यापेक्षा मोठा शेवट कुठला पटकथाकार लिहील?

कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळालं. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्यांना वाट करून देण्याचं काम बॉम्बे इंजिनिअर्सच्या या तरुण अधिकाऱ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली. त्यांत ते स्वतःही होते. तरी पुढचे दिवस सुरुंग काढत, तोडून टाकलेली झाडं उडवत ते पुढे सरकत राहिले आणि राजौरीची वाट मोकळी झाली. कारवारला गेलात तर त्यांचा पुतळा बघा. यात शत्रूला मारण्यापेक्षा रस्ता साफ करण्याचं शौर्य आहे, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

बेळगावातल्या मराठा सेंटरमध्ये शर्कत युद्धस्मारक आहे, पलटणीचं संग्रहालयही आहे. आत जायला परवानगी लागते, आधी चौकशी करून ओळखपत्र घेऊन जा. शर्कत हे इराकमधलं गाव. १९१८ मध्ये तिथे ११४ व्या मराठा पलटणीने मोठा पराक्रम केला होता.

जवळचं म्हणून आणखी दोन सांगतो. १९६१ च्या गोवा मुक्तीच्या वेळी फौज बेळगावच्या आसपास जमली आणि अनमोडच्या बाजूने खाली उतरली. गोव्याच्या लढ्यावरचा 'सात हिंदुस्तानी' (१९६९) हा अमिताभ बच्चन यांचा पहिला पिक्चर. आणि कित्तूर. तिथल्या १८२४ च्या लढाईवर 'कित्तूर चेन्नम्मा' (१९६१) आणि पुढच्या बंडावर 'क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा' (२०१२) हे कन्नड पिक्चर आहेत. धारवाड रस्त्याने तासाभरात कित्तूरचा किल्ला येतो. बघून या.

नववी पायरी: कुणाबरोबर बघायचं, काय मागे ठेवायचं

एकट्याने बघण्यापेक्षा दोघा-तिघांनी बघितलेलं बरं, आणि संपल्यावर लगेच फोन हातात घेऊ नका. थोडं बोला. कुठला माणूस लक्षात राहिला, एवढं विचारलं तरी गप्पा सुरू होतात.

ज्या घरातला मुलगा सध्या सरहद्दीवर आहे त्या घरात युद्धपट लावताना घरातल्या बाईमाणसांना आधी विचारा. काहींना चालतं. काही जणी गाणं लागलं की आत निघून जातात.

लहान मुलांना 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन', 'ऑल क्वाएट' दाखवू नका. त्यातलं रक्त आणि किंकाळ्या त्यांच्यासाठी नाहीत. दहावी-अकरावीच्या मुलाला 'लक्ष्य' आणि 'बॅलड ऑफ अ सोल्जर' चालतील.

दोन पिक्चर मात्र सगळ्यांनीच मागे ठेवावेत. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) हा जपानी ॲनिमेशनपट आहे. चित्रं बघून कुणी लहानांपुढे लावेल, तसं करू नका. १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात आई गेलेला एक मुलगा आणि त्याची धाकटी बहीण यांच्या उपासमारीची ती गोष्ट आहे. आणि एलेम क्लिमोव्ह यांचा 'कम अँड सी' (१९८५). बेलारूसमधला एक मुलगा बंदूक मिळाली म्हणून आनंदाने घर सोडतो आणि काही दिवसांत त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा होतो. त्या देशातली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली, असं शेवटी पडद्यावर येतं. हे दोन्ही बाकीचे दहा-बारा झाल्यावर, वेगवेगळ्या महिन्यांत, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा बघा.